पलटी नांगराचा ओतीव स्टीलचा फ्रॉग एकाच जागी मोडतोय, फौंड्रीवाले कुणी आहेत का इथं?

माळावरचं_वर्कशॉप:
रामराम मंडळी. सांगोल्याच्या बाजूला माझं छोटं वर्कशॉप आहे, ट्रॅक्टरची अवजारं बनवतो, मुख्य काम दोन फाळी हायड्रॉलिक पलटी नांगराचं. फ्रॉग म्हणजे नांगराचा तो मधला ठोकळा, ज्यावर फाळ, मोल्डबोर्ड (माती उलटवणारा पंखा) आणि लँडसाइड (तासाच्या भिंतीला टेकणारी पट्टी) तिन्ही बसतात. आधी तो आम्ही १६ आणि २० एमएमच्या प्लेटी कापून वेल्डिंगनं जोडून करायचो, एकेका फ्रॉगला माणसाचा अर्धा दिवस जायचा आणि प्रत्येकाचा अँगल थोडा वेगळा यायचा, मग दोन फाळांची खोली सारखी लागायची नाही आणि शेतकरी ओरडायचा. म्हणून दिवाळीनंतर ठरवलं की स्टीलमध्ये ओतूनच घ्यायचे. दोन फाळी पलटीला चार बॉडी असतात, दोन खाली आणि दोन वर, २० नांगरांचे ८० फ्रॉग एका फौंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, करून घेतले. एक फ्रॉग १४ किलोचा, खालची भिंत २२ एमएम आणि वर जिथं दांड्याला बोल्ट बसतात तो बॉस ४८ एमएम जाड.

आत्ता उन्हाळी नांगरट सुरू झाली आणि महिनाभरात १७ मोडले. सगळे एकाच जागी, बॉस आणि भिंत जिथं मिळतात तिथं. फौंड्रीवाले म्हणतात दगडाला लागला असंल, नाहीतर तुम्ही वेल्डिंग केलं असंल. आम्ही त्या जागी वेल्डिंग करतच नाही. आणि दगड तर आमच्या माळाला पहिल्यापासून आहेत, प्लेटीचे जुने फ्रॉग वाकायचे पण मोडत नव्हते. परवा एक दादा मोडलेला तुकडा पोत्यात घालून घेऊन आले, रागानं बोलले असते तर बरं वाटलं असतं, नुसता टेबलावर ठेवला आणि म्हणाले चार दिवसांत रान तयार करायचंय. कुणाला यातलं कळत असंल तर सांगा, मला ओतकामातलं फारसं कळत नाही.

काळीभोर_परभणी:
दादा तुमची तळमळ कळते. मी वापरणारा माणूस, बनवणारा नाही. पण एक विचारतो, शिअर बोल्ट, म्हणजे दगडाला लागल्यावर आधी स्वतः तुटून नांगर वाचवणारा बोल्ट, कोणत्या ग्रेडचा घालता? आमच्याकडं गावोगाव बघतो, शिअर बोल्ट दोनदा तुटला की लोक वैतागून ८.८ चा नाहीतर अजून कडक बोल्ट ठोकतात, मग बोल्ट तुटायच्या ऐवजी नांगर तुटतो. आमच्या काळ्या रानात दगड नाही त्यामुळं चालून जातं, तुमच्या मुरमाड माळावर चालायचं नाही.

माळावरचं_वर्कशॉप:
काका बरोबर आहे तुमचं, १७ पैकी दोघांच्या नांगरात तसं सापडलं, पण बाकीच्यांचे बोल्ट मीच दिलेले आहेत, साधे.

ओतारी_शिरोली:
मी शिरोली एमआयडीसीत २२ वर्षं फौंड्रीत आहे, आधी बीड म्हणजे ओतीव लोखंड, आता स्टील. तुम्ही फोटो टाकले नाहीत पण न बघताही मला अंदाज येतोय. मोडलेलं तोंड नीट बघा, भिंग असलं तर भिंगातून. मधोमध काळपट, खडबडीत, बारीक झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी दिसते का? आणि कडंनं मात्र चकचकीत दाणेदार? तसं असंल तर तो दगडाचा दोष नाही आणि वेल्डिंगचाही नाही, ते आतून पोकळ राहिलंय, आमच्या भाषेत श्रिंकेज.

कसं होतं ते सांगतो. स्टील पातळाचं घट्ट होताना आकसतं. बिडात कार्बन ३ ते साडेतीन टक्के, घट्ट होताना त्यातलं ग्रॅफाइट बाहेर पडतं आणि ते फुगतं, त्यामुळं बीड स्वतःचं स्वतः बरंच भरून घेतं. स्टीलमध्ये कार्बन पाव टक्का, ग्रॅफाइट नाही, कुणी भरून द्यायला नाही. बारीक भिंत आधी गोठते, जाड बॉस शेवटी गोठतो, आणि तो गोठताना आजूबाजूचा रस्ता आधीच बंद झालेला असतो. रस, म्हणजे वितळलेलं स्टील, मागायचा कुणाकडं? म्हणून जाड भागाच्या डोक्यावर रायझर ठेवायचा असतो, म्हणजे रसाची टाकी, ती सगळ्यात शेवटी गोठली पाहिजे. तुमच्या फ्रॉगला रायझर कुठं होता आणि केवढा होता?

माळावरचं_वर्कशॉप:
मालक, तुम्ही बघितल्यासारखं लिहिलंय. अगदी फांद्याफांद्याच दिसतात मधोमध. मी समजत होतो ती माती शिरली असंल. रायझरचं फौंड्रीत विचारून सांगतो. कास्टिंगवर जिथं रायझर कापून घासलेलं दिसतंय ती जागा साधारण ६५ एमएम गोल आहे, पण ती बॉसवर नाही, खालच्या भिंतीच्या कडंला आहे.

ओतारी_शिरोली:
मग झालं की. भिंतीवरचा रायझर भिंतीलाच खायला घालणार, बॉसपर्यंत पोचणारच नाही, वाट २२ एमएमची.

एक न मोडलेला फ्रॉग घ्या, बॉसच्या मधून हॅक्सॉनं नाहीतर बँडसॉनं कापा आणि आत बघा. एक कास्टिंग गेलं तर जाऊ दे, पण उरलेले फ्रॉग लोकांच्या रानात आहेत त्यातले किती जाणार हे कळंल.

पॅटर्न_वाला:
मध्येच विचारतो, लाकडी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, कुणी केला आणि कशासाठी केला होता?

माळावरचं_वर्कशॉप:
पॅटर्न माझाच. खरं तर दोन वर्षांपूर्वी बिडात ओतून बघायचं डोक्यात होतं तेव्हा करून घेतलेला, सागवानाचा, चांगलाय म्हणून तोच दिला.

पॅटर्न_वाला:
इथंच अर्धं दुखणं आहे हो. बिडाच्या पॅटर्नला आम्ही मीटरमागं साधारण १० एमएम जास्त धरतो, स्टीलला २० च्या आसपास. म्हणजे तुमच्या बॉसवरच्या दोन भोकांचं अंतर जर २१० असंल तर बिडाच्या पॅटर्नवर स्टील ओतलं की ते २०८ च्या जवळ येणार. दोन एमएम कमी. मला सांगा, दांड्याचे बोल्ट सरळ बसले का, का भोकं मोठी करून घेतली?

माळावरचं_वर्कशॉप:
...भोकं मोठी केली. २० च्या बोल्टला पोरांनी २३ चं भोक करून घेतलं, मला वाटलं ओतीव मालात एवढं इकडंतिकडं होतंच.

पॅटर्न_वाला:
बघा, म्हणजे आतून पोकळ बॉस, त्यात भोक मोठं केल्यानं पोकळीच्या आणखी जवळ गेलात, आणि बोल्ट ढिला म्हणून नांगर प्रत्येक दगडाला त्या बॉसवर हातोड्यासारखा आपटतोय. शिवाय अजून एक, बिडाच्या पॅटर्नला कोपऱ्यात गोलाई किती ठेवली होती? जुने लोक ५-६ एमएमची ठेवतात. स्टीलला जाड-बारीक मिळतात तिथं निदान १२ ते १५ ची गोलाई पाहिजे आणि बारीक भिंत बॉसकडं जाताना हळूहळू जाड होत गेली पाहिजे. नाहीतर साच्यात आकसतानाच तिथं गरम भेग पडते, ती वरून दिसत नाही, शॉट ब्लास्टिंगनं आणखी बुजून जाते.

फौंड्रीवाल्याची चूक आहेच, त्यानं पॅटर्न हातात घेतला तेव्हा विचारायला पाहिजे होतं. पण पॅटर्न तुमचा आणि ड्रॉइंग तुमचं, तर हे त्याच्यावर पूर्ण टाकता येणार नाही, राग मानू नका.

माळावरचं_वर्कशॉप:
राग कसला, हेच ऐकायला आलोय.

कुंडलचा:
धागा वाचून राहवलं नाही. आमच्या आजोबांनी किर्लोस्करवाडीत मोल्डिंगला काम केलं, घरात लहानपणापासून काळ्या वाळूच्या गोष्टी ऐकल्या. महाराष्ट्रात लोखंडी नांगर ओतून करायला सुरुवात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी केली. आधी बेळगावला, मग १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडल रोडला, म्हणजे आताच्या किर्लोस्करवाडीला, जागा दिली, निवडुंगाचं माळरान होतं ते. पहिले नांगर विकायला दोन वर्षं गेली. लोखंडानं जमीन नासते, विष होते असं शेतकरी म्हणायचे. गंमत बघा, अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डनं १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी हेच म्हटलं होतं. 

आणि त्याच्या नांगराचं खरं दुखणं वेगळं होतं, सगळा नांगर एकाच तुकड्यात ओतलेला, एक कोपरा मोडला की सगळा भंगारात. इंग्लंडात इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समनं १८०३ ला फाळाचं पेटंट घेतलं, त्यात फाळाची खालची बाजू साच्यात लोखंडाच्या थंड पाटावर ओतली जायची, ती बाजू झटकन गार होऊन पांढरं कडक बीड होई आणि वरची बाजू मऊ राही, म्हणून रानात वरची बाजू आधी झिजायची आणि धार आपोआप लागत राहायची. १८०८ मध्ये त्यानं सुटे बदलता येणारे भाग आणले. आज आपण फ्रॉगला बोल्टनं फाळ लावतो ती कल्पना तिथली. म्हणून दादा, तुमचा फ्रॉग जो आहे तो नांगरातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, बाकी सगळं झिजणार आणि बदलणार, तो राहिला पाहिजे.

काळीभोर_परभणी:
हे फार छान सांगितलंत. मग माझी एक शंका. फाळही असाच स्टीलमध्ये ओतून मिळंल का? आमच्याकडं लोहाराकडून ट्रकच्या कमानपाट्याचा करून घेतो, तो चांगला टिकतो पण लोहार आता राहिला नाही, पोरगा पुण्याला गेला. फाळ शेवटायला, म्हणजे धार काढून घ्यायला, तालुक्याला जावं लागतं.

मेटलर्जीवाली:
मी पुण्यात एका लॅबमध्ये आहे, मोडलेले पार्ट तपासणं हेच काम. काका, फाळ ओतता येतो पण माझं मत आहे की ओतू नये, निदान भारतात छोट्या ऑर्डरमध्ये. फाळाला दोन गोष्टी लागतात ज्या एकमेकींच्या विरोधात आहेत, टोकाला कडकपणा आणि पाठीला चिवटपणा. कमानपाटा म्हणजे ईएन ४५ सारखं स्प्रिंग स्टील, कार्बन अर्धा-पाऊण टक्का, सिलिकॉन दीड-दोन टक्के. रोलिंग झालेलं असल्यामुळं आतून भरीव, आणि लोहारानं तापवून तेलात बुडवलं (यालाच पाणी पाजणं म्हणतात) आणि पुन्हा तापवून घेतलं तर ४२ ते ४८ एचआरसी (कडकपणाचं माप) आरामात मिळतं. तुमचा लोहार रंग बघून हेच करत होता. युरोपात आता बोरॉन स्टीलचे फाळ चालतात, त्यात बोरॉन अगदी ०.००३ टक्के असतं पण तेवढ्यानं स्टील आतपर्यंत कडक होतं. तेही प्लेट कापून किंवा ठोकून केलेले, ओतलेले नाहीत.

एक धोका सांगून ठेवते कारण लोक मला नेहमी विचारतात. क्रशरच्या जबड्याचं मँगनीज स्टील, म्हणजे हॅडफील्डनं १८८२ मध्ये शेफील्डला काढलेलं १२ टक्के मँगनीजवालं, ते फाळाला घालू नका. लोक म्हणतात क्रशरमध्ये दगड फोडतंय म्हणजे मातीत तर अमर राहील. तसं होत नाही. ते जोरदार ठोका बसला तरच वरून कडक होतं, म्हणून रेल्वेच्या क्रॉसिंगला चालतं. मातीत ठोका नाही, घासणं आहे, तिथं ते मऊच राहतं आणि भराभर झिजतं.

काळीभोर_परभणी:
धन्यवाद ताई, आमच्या गावात एकानं तसा बसवला होता खरा, एका हंगामात गेला. आता कारण कळलं.

मेटलर्जीवाली:
आता मूळ प्रश्नाकडं. दादा, तुमच्या फ्रॉगला हीट ट्रीटमेंट झाली होती का? फौंड्रीनं टेस्ट सर्टिफिकेट दिलं का?

माळावरचं_वर्कशॉप:
केमिकलचा एक कागद दिलाय. कार्बन ०.३१, मँगनीज ०.८, आयएस १०३० (ओतीव स्टीलचं भारतीय मानक) ग्रेड २८०-५२० लिहिलंय. हीट ट्रीटमेंटचं काही नाही.

मेटलर्जीवाली:
केमिस्ट्री बरोबर आहे म्हणून माल बरोबर आहे असं होत नाही. साच्यात हळूहळू गार झालेलं स्टील आतून मोठ्या दाण्याचं असतं, काही वेळा सुयांसारखी रचना होते, ताणाला ठीक दिसतं पण ठोक्याला काचेसारखं वागतं. ते भट्टीत ९०० ते ९२० डिग्रीला नेऊन, जाडीच्या दर २५ एमएमला तासभर या हिशेबानं धरून, बाहेर काढून हवेत गार करायचं, म्हणजे नॉर्मलायझिंग. दाणे बारीक होतात. तुमच्या ४८ एमएमच्या बॉसला साधारण दोन तास. खर्च थोडा आहे, पण स्टील कास्टिंगला ही ऐच्छिक गोष्ट नाही, ग्रेड लिहिताना ती गृहीत धरलेली असते. एक तुकडा मला लॅबला पाठवा, मी मायक्रोस्कोपखाली बघून कळवते, पैसे नकोत.

माळावरचं_वर्कशॉप:
(तीन दिवसांनी)
न मोडलेला फ्रॉग कापला. मालक, बॉसच्या मधोमध करंगळी जाईल एवढी पोकळी. वरून एकदम गुळगुळीत, रंग मारलेला, देखणा. मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो. दुसरा कापला, त्यातही. ताईंच्या लॅबचा रिपोर्टही आला, नॉर्मलायझिंग झालेलंच नाही. फौंड्रीवाल्यांना दोन्ही अर्धे तुकडे नेऊन दाखवले, तेही गप्प झाले, पुढचा माल ते आमच्या सांगण्याप्रमाणं करायला तयार आहेत. ज्यांच्याकडं नांगर गेलेत त्या सगळ्यांना फोन करून सांगितलंय की फ्रॉग बदलून देणार, तोवर जुने प्लेटीचे लावून देतोय. आता रायझर किती घ्यायचा ते सांगा.

ओतारी_शिरोली:
आधी एवढंच सांगतो, फोन केलेत ते फार चांगलं केलं.

हिशेब असा. जाड जागेचं आकारमान भागिले तिचा गार होणारा पृष्ठभाग, त्याला मॉड्युलस म्हणतात. तुमच्या बॉसचा मी अंदाजे १४ एमएम धरतो. रायझरचा त्याच्या १.२ पट, म्हणजे १७. उंची व्यासाएवढी धरली तर व्यास भागिले ६, तर १०० एमएमचा रायझर लागतो. ६५ चा होता तो दीड पटीनं कमी, आणि चुकीच्या जागी. १०० चा रायझर उंचीला १५० केला तर त्याचंच वजन ९ किलोच्या वर जातं, १४ किलोच्या फ्रॉगसाठी. धाव आणि गेट (साच्यात रस नेणाऱ्या वाटा) धरून जेवढं ओतणार त्यातलं निम्म्याच्या थोडं वर तुमच्या हातात येणार. स्टीलमध्ये हे असंच असतं, बिडाच्या भावाशी तुलना करणाऱ्या गिऱ्हाइकाला हेच कळत नाही आणि मग काटकसर रायझरवर होते. एक्झोथर्मिक स्लीव्ह, म्हणजे रायझरभोवती बसणारी स्वतः तापणारी नळी, वापरली तर व्यास कमी करता येतो, रायझर स्वतः गरम राहतो. आणि बॉसच्या खालच्या बाजूला साच्यात लोखंडाचा चिल, म्हणजे उष्णता ओढून घेणारा ठोकळा, ठेवायला सांगा, म्हणजे गोठणं खालून वर, रायझरच्या दिशेनं जाईल.

वाळूचं विचारा. बिडाच्या ग्रीन सँडमध्ये (ओलसर साच्याच्या वाळूत) कोळशाची पूड असते, स्टीलला ती नको, कातडीला कार्बन चढतो. सोडियम सिलिकेट आणि सीओटूचा साचा घेतला तर बरा. रस ओतताना १५८० ते १६०० च्या दरम्यान, आणि ओतण्याआधी लॅडलमध्ये (रसाच्या बादलीत) ॲल्युमिनियम घालून रस शांत केलेला पाहिजे नाहीतर आत फुगे. छोट्या लॅडलनं २० साचे ओतले की शेवटचे थंड रसानं भरतात, ते वेगळी खूण करून ठेवायला सांगा आणि पहिल्यांदा त्यातलाच एक कापून बघा, पहिल्या साच्यातला नाही.

पॅटर्न_वाला:
आणि पॅटर्न नवा करा, त्या जुन्यावर ठिगळं लावू नका. भोकं कोअरनं (साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यानं) ओतून घेऊ नका, बॉस भरीव ओता आणि जिगमध्ये (प्रत्येक नग एकाच जागी धरणाऱ्या चौकटीत) ड्रिल करा, म्हणजे २१० चं २१०च येईल. फाळ बसतो त्या तोंडाला ३ एमएम मशिनिंगचा माल ठेवा. चारही फ्रॉग एकाच जिगमध्ये बसले तरच दोन्ही फाळ सारख्या खोलीला चालतील, मुळात त्यासाठीच तर तुम्ही ओतायला गेला होतात.

माळावरचं_वर्कशॉप:
(पाच आठवड्यांनी)
मंडळी, उशिरा लिहितोय, मृगाच्या आधी सगळ्यांना माल पोचवायचा होता. नवा पॅटर्न केला, गोलाई १५ ची, भिंत २२ वरून बॉसकडं ३० होत जाते. वजन पावणेसोळा किलो झालं. पहिल्यांदा १२ च ओतले. रायझर बॉसवर, ७५ ची स्लीव्ह, खाली चिल. शेवटच्या साच्यातला कापला, भरीव. मधला कापला, तोही भरीव. उरलेले दहा नॉर्मलायझिंग करून आणले, कडकपणा १७० च्या आसपास बीएचएन (ब्रिनेल माप) आला. मग माझ्याच भावकीच्या माळावर, जिथं पार खालच्या दगडापर्यंत मुरूम आहे, तिथं दोन नांगर चालवले. शिअर बोल्ट नऊ वेळा तुटला, फ्रॉगला ओरखडा नाही. मग पुढचे ८० ओतले. पोतं घेऊन आलेल्या दादांच्या नांगराचे चारही सगळ्यात आधी बदलले, मी स्वतः जाऊन. त्यांनी चहा पाजला आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दीड एकर उरकलं.

मेटलर्जीवाली:
वाचून खूप बरं वाटलं दादा. प्रत्येक हीटमधला (एका वेळी वितळवलेल्या रसातला) एक टेस्ट बार, म्हणजे तपासणीचा तुकडा, जपून ठेवा, हीट नंबर कास्टिंगवर उठवून घ्या. पुढं कधी काही झालं तर कोणत्या दिवशीचा रस होता ते कळतं.

माळावरचं_वर्कशॉप:
हीट नंबर उठवतोय ताई, लँडसाइडच्या आतल्या बाजूला, मातीनं घासणार नाही तिथं. ओतारी मालक, एक राहिलं, स्लीव्हवाला रायझर गॅस कटरनं कापताना दोन फ्रॉगना कापलेल्या जागी बारीक केसासारखी भेग दिसली. ते बाजूला ठेवलेत. कशामुळं?

ओतारी_शिरोली:
गार झालेल्या कास्टिंगवर कटर लावला असणार. ०.३ कार्बनला कापायच्या आधी दीडदोनशे डिग्रीपर्यंत तापवून घ्या, आणि रायझर बुडापासून नाही, १० एमएम वर ठेवून कापा, उरलेलं ग्राइंडरनं. कापून झाल्यावर मग नॉर्मलायझिंग. ते दोन फ्रॉग तसेच ठेवा, पुढच्या आठवड्यात सांगोल्याकडं येतोय, बघतो.